ग्रंथपाल आणि संगणकवाले एका छपराखाली आणा

मा. संपादक,
स. न.

अमळनेरच्या एका महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षे ग्रंथपाल होतो. आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संगणन आणि माहितीशास्त्र यांची मिळून एक विद्याशाखा व्हावी, ही माझी मागणी का, ते सांगतो.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी ग्रंथालयात नवे सॉफ्टवेअर आले. साडेअकरा हजार मराठी पुस्तकांच्या नोंदी आम्ही पूर्वीच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. नव्या पडद्यावर उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! बी.एस्सी. संगणकशास्त्राची दोन मुले मदतीला आली. त्यातली मुलगी पारोळ्याहून रोज एस.टी.ने यायची. आठवडाभरात त्यांनी प्रोग्रॅम लिहिला, बरीच अक्षरे जागेवर आली. पण ‘किसान’मधली वेलांटी सुटी पडली आणि ‘धर्म’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांमध्ये, नंतर. रफाराचे नेमके उलटे. मुले हुशार होती, जावा-पायथॉन येत होते. आपली लिपी यंत्रात कशी साठते, हे मात्र त्यांना तीन वर्षांत कुणी शिकवले नव्हते.

तेही त्यांनी निस्तरले. पुढची अडचण माझ्या खात्यातली होती. एकच लेखक तीन नावांनी: कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे नुसती आद्याक्षरे. ही तीन माणसे की एकच, हे प्रोग्रॅमला कळत नाही. त्यासाठी दाखल नोंदवही उघडावी लागते, पुस्तक हातात घ्यावे लागते. ती मुलगी आणि मी समोरासमोर बसून दीड महिना हे काम केले. इतके शिकणे-शिकवणे माझ्या उभ्या नोकरीत झाले नव्हते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्याशाखा चारच. त्यात संगणकशास्त्र विज्ञान व तंत्रज्ञानात येते, तर ग्रंथालय व माहितीशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यासात. माहिती साठवणारे एका घरात, तिची जुळवणी जाणणारे दुसऱ्या घरात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग १९६५ पासून होता, तरीही १९९९ साली त्यांनी संगणन आणि माहितीशास्त्राची वेगळी विद्याशाखा उभी केली. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण दोन विषय शेजारी बसवायला पैशापेक्षा इच्छा जास्त लागते.

आणि खान्देशाला त्याची गरज इतरांहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून खान्देशी-अहिराणी नोंदवली. आमच्या घरात आई ‘डोळा’ नाही, ‘डोया’च म्हणायची. आज नात फोनशी बोलते तेव्हा आधी शब्द प्रमाण मराठीत फिरवून घेते, कारण फोनला ‘डोया’ उमगत नाही. हे शब्द गोळा करायचे, त्यांची वर्गवारी लावायची, यंत्राला ऐकवायचे, हे काम पुण्या-मुंबईचे लोक आपल्यासाठी का करतील? १५ ऑगस्ट १९९० रोजी हे विद्यापीठ सुरू झाले, ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांसाठीच ना? शिवाय अहिराणी-लेवा बोलींच्या मुलखातल्या कवयित्रीचे नाव त्याला दिले आहे.

कायदा बदलून पाचवी विद्याशाखा आणणे सरकारच्या हाती आहे आणि तसा प्रस्ताव विद्यापीठाने धाडावा. तोवर निदान संगणकशास्त्र प्रशाळेत ग्रंथालयशास्त्र, संख्याशास्त्र आणि भाषेचे अध्यापक मिळून एक अभ्यासक्रम सुरू करता येईल. आदिवासी पाड्यांतून येणाऱ्या मुलांच्या घरी संगणक नसतो. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी राहावी, हेही त्यात लिहावे.

आईच्या तोंडचे शब्द मी एका वहीत लिहून ठेवले आहेत, सातशेच्या वर भरतील. पहिल्या तुकडीला ती वही द्यायची आहे. मुलांना शब्द कसे उच्चारायचे ते सांगायला आठवड्यातून एक दिवस मी स्वतः जळगावला येईन.

– एक निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर