१६ डिसेंबर, विजय दिवस – सगळ्यांनी यायचंच

जय हिंद मंडळी, १६ तारखेला सकाळी ठीक ९ वाजता स्मारकापाशी जमायचंय, १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानच्या ९३ हजार जणांनी शरणागती पत्करली तो हा दिवस, आणि त्या लढाईतले आपले जवान आता पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत त्यामुळे त्यांना घरून आणायची जबाबदारी तरुण पेन्शनरांनी घ्या, उन्हात उभं करू नका, खुर्च्या पुढच्या रांगेत त्यांच्याच.

मेडल लावून या. वीरनारी ताई-मावशींना आवर्जून सांगतो, मालकांची मेडल पेटीत ठेवू नका, घरच्यांनी ती उजव्या छातीवर लावायची असतात, आर्मीनेच परवानगी दिलीय. रिबनची पिन गंजली असेल तर आदल्या दिवशी सांगा, बदलून देऊ.

पुष्पचक्र, दोन मिनिटं मौन, मग पोहे-चहा. भाषणं नकोत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा जुन्या लोकांना बोलू द्या, पोरं ऐकतील.

ज्यांचा हयातीचा दाखला स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर) अजून भरलेला नाही त्यांनी आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर आणि ओटीपी येतो तो मोबाईल सोबत आणा, तिथंच भरून देऊ. येणाऱ्यांनी ग्रुपवर नाव टाका, पोह्यांचा अंदाज लागतो.