स्पीकर कोपऱ्यात नकोत

महोदय,

१८४३ मध्ये ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा प्रयोग केला, तिथे आज सगळी यंत्रसामग्री असूनही मागच्या रांगेत गाणे स्पष्ट ऐकू येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. नुकत्याच एका सभागृहातील मैफलीत दोन्ही स्पीकर मंचाच्या कोपऱ्यांत, भिंतीला टेकवून, गायिकेच्या माईकच्याही मागे ठेवले होते. परिणामी डग्गा नुसता घुमत होता, बंदिशीचे शब्द पुसले जात होते आणि तार षड्ज (वरचा सा) लागला की शिट्टी वाजत होती. कोपऱ्यातल्या भिंती आणि जमीन खर्जाचा आवाज फुगवतात आणि माईकमागच्या स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर भिंतीपासून २-३ फूट सोडून, माईकच्या पुढे आणि श्रोत्यांच्या डोक्याहून उंच, किंचित खाली झुकवून ठेवावेत. मागे जादा स्पीकर लावायचे झाल्यास आणखी एक पथ्य आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे १७ मीटरवरच्या श्रोत्यापर्यंत मंचावरचा सूर सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि मागच्या स्पीकरलाही तेवढाच विलंब दिला नाही तर शब्द दुहेरी ऐकू येतात. (आपल्याकडे यावर उपाय म्हणून आवाजच वाढवतात!) व्यवस्थापनाने योग्य जागा एकदा ठरवून मंचावर रंगाने खुणा करून ठेवाव्यात, ही विनंती.

– एक श्रोता, सांगली