एका ओळीची किंमत: संरक्षणमंत्र्यांना एका निवृत्त हवालदाराचे खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

जय हिंद.

गेल्या आठवड्यात माझ्या घरी उच्च न्यायालयाची नोटीस आली. वर लिहिले आहे, 'भारत सरकार विरुद्ध', आणि खाली माझा नंबर, हुद्दा, नाव. हा नंबर 1999 साली याच सरकारने मला दिला होता. पायदळात 24 वर्षे काढून 2023 मध्ये मी हवालदार म्हणून घरी आलो. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने मला डिसेबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, मंजूर केली आणि चार महिन्यांत रक्कम द्यावी असा आदेश दिला. चार महिने संपले. पैसे आले नाहीत. सरकार त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मला नोटीस आली. आपण कामात असता हे मला समजते, तरी हे पत्र आपण स्वतः वाचावे अशी विनंती आहे.

माझा आजार साधा आहे, उच्च रक्तदाब. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने तो 30 टक्के अपंगत्वाचा आणि आयुष्यभराचा ठरवला. त्याच कागदावर खाली एक ओळ आहे: आजार पीस स्टेशनवर (सीमेपासून दूरच्या शांत छावणीत) सुरू झाला, म्हणून सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजेत या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत ती. ज्याच्या कागदावर नाना पडला त्याची डिसेबिलिटी पेन्शन गेली, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते.

आता 'पीस स्टेशनवर सुरू झाला' म्हणजे काय ते सांगतो. 2017 साली आमची पलटण सियाचीनला होती. वर जाण्याआधी तीन टप्प्यांवर थांबवून शरीर उंचीला सरावू देतात आणि डॉक्टर तपासतात. माझ्या तिन्ही नोंदींत बीपी नॉर्मल आहे. त्या नोंदी मी माहितीच्या अधिकारात मागून मिळवल्या. मग वर चौकीवर तीन महिने. तिथे झोप लागत नाही, भूक मरते, डोके ठणकत राहते, आणि डोकेदुखी इतकी नेहमीची की ती कोणी कोणाला सांगत नाही. खाली उतरलो, पलटण पीसला गेली आणि पुढच्या वार्षिक तपासणीत बीपी सापडले. सापडले त्या दिवसाची तारीख बोर्डाने 'सुरू झाल्याची तारीख' म्हणून लिहिली. चढताना नॉर्मल, उतरल्यावर जास्त, आणि मधल्या तीन महिन्यांबद्दल बोर्डाच्या कागदावर एक शब्द नाही.

निवृत्तीआधी फौजेच्याच मेडिकल बोर्डाने मला कायमची लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसल्याचा दर्जा, दिली होती. त्यात काय बंधन घातले होते? या जवानाला अतिउंच प्रदेशात पाठवू नये. उंचीचा माझ्या आजाराशी काही संबंध नसेल, तर हे बंधन कशासाठी? हा प्रश्न मी खात्याकडे केलेल्या पहिल्या अपिलात विचारला, दुसऱ्या अपिलातही विचारला. दोन्ही वेळा उत्तर आले त्यात बोर्डाचीच ओळ पुन्हा टाइप केलेली होती. मी पदरचे पैसे खर्चून हृदयरोगतज्ज्ञाचे दोन पानी मत जोडले होते. उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. ज्यांनी ते नाकारले त्यांनी मला कधी समोर बसवून माझे बीपी घेतलेले नाही.

साहेब, नियम मी पाठ केले आहेत, कारण करावे लागले. डिसेबिलिटी पेन्शनच्या 1982 च्या नियमांत लिहिले आहे की भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे, आणि वाजवी शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. 2008 च्या नियमांतही पुरावा देण्याचा भार साधारणपणे अर्जदारावर टाकलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच सांगितले. ते 1985 मध्ये सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात, भरती झाले, 1994 मध्ये फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवले गेले, आणि त्यांच्याही बोर्डाने कारण न देता सेवेशी संबंध नाही असे लिहिले होते. कारण नसलेले मत चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. 2013! मी तेव्हा नोकरीत होतो. माझे बोर्ड त्यानंतर नऊ वर्षांनी बसले आणि तरीही त्यात कारण नाही. मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्या खोलीपर्यंत पोचायला किती वर्षे लागतात?

मी डॉक्टरांचा अपमान करत नाही. लष्करी डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत माणसे वाचवली आहेत, वादळात, हातात सलाईनची बाटली धरून. पण उपचार करणारा डॉक्टर आणि बोर्डावर बसून छापील रकाना भरणारा डॉक्टर यांच्या कामात फरक आहे. बोर्डावरच्या डॉक्टरची एक ओळ पुरावा ठरते. त्या ओळीवर माझे उरलेले आयुष्य ठरते, म्हणून ती लिहिताना माझा पोस्टिंगचा कागद उघडून पाहायला हवा होता.

माझ्यावर काय गेले तेही ऐका. कॅटेगरीमुळे दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली नाही. घरी आल्यावर एका बँकेत गनमनची नोकरी ठरली, तर डिस्चार्जच्या कागदांवरची कॅटेगरी बघून नाकारली. म्हणजे नोकरी मागायला गेलो की त्या कागदाने मी आजारी, आणि पेन्शन मागायला गेलो की त्याच कागदाने आजार माझा खासगी. मागच्या वर्षी पहाटे उठलो तर डावा हात उचलेना. दवाखान्यात सौम्य झटका म्हणाले. हात परत आला, पण शर्टाची बटणे अजून बायको लावते. माझी मुलगी बारावीत आहे. तिने नोटीस वाचली आणि विचारले, "बाबा, तुम्ही काय केलंत?" भारत सरकार विरुद्ध आपल्या बापाचे नाव बघून पोरीला वाटणारच ना की याने काही गुन्हा केला असेल. त्या रात्री मी जेवलो नाही.

आणि हे सगळे किती रुपयांसाठी? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. पगार 50,000 धरला तर माझ्या 30 टक्क्यांचे 4,500 होतात. सर्वोच्च न्यायालयात राम अवतार यांच्या खटल्यात 10 डिसेंबर 2014 रोजी ठरले त्याप्रमाणे माझे 30 टक्के अपंगत्व वाढवून 50 टक्के धरले तर 7,500. वर महागाई भत्ता. एवढ्यासाठी सरकारी वकील, फायली, तारखा. माझ्या एका खटल्यावर सरकार जितके खर्च करील तितक्यात माझी किती वर्षांची पेन्शन भागेल याचा हिशेब कोणी मांडला आहे का? माझ्या बाजूने वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा यात ग्रॅच्युइटीचा मोठा भाग गेला.

तुमच्याच खात्याला हे माहीत नव्हते असे नाही. मनोहर पर्रिकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली. अपंग जवानांविरुद्धची अशी अपिले थांबवा, असे त्या समितीने सांगितले. तेव्हा आम्ही बरॅकमध्ये ती बातमी मोठ्याने वाचली होती. दहा वर्षांवर काळ लोटला. सप्टेंबर 2023 मध्ये तुम्ही नवे नियम आणले, निवृत्त होणाऱ्यांच्या डिसेबिलिटी पेन्शनचे नाव 'इम्पेअरमेंट रिलीफ' केले. नाव बदलायला वेळ मिळाला. बोर्डाकडून कारण लिहून घ्यायला मिळाला नाही.

हा फक्त फौजेचा रोग नाही. या देशात सरकारी कार्यालय माणसाला आधी नाही म्हणते, मग अपील कर म्हणते, आणि तो जिंकला की स्वतः अपिलात जाते. ज्याच्याकडे पैसा आणि आयुष्य शिल्लक आहे तोच टिकतो. माझ्या ओळखीचे दोघे पहिल्या नकारानंतरच थांबले. त्यांच्याकडे लढायला काही नव्हते. दर वर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिनी छातीला झेंडा लावून जे आमच्याबद्दल बोलतात, त्यांच्यापैकी कोणीतरी माझ्याविरुद्धच्या याचिकेच्या फायलीवर सही केली आहे. ती सही करताना त्यांनी माझ्या तीन नोंदी पाहिल्या होत्या का, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे.

माझ्याविरुद्धची याचिका मागे घ्या. ते जमत नसेल तर निदान एवढे करा: ज्या बोर्डाने माझ्यावर नाना मारला त्याने सियाचीनच्या त्या तीन महिन्यांचा विचार करून कारण लिहावे, खाली डॉक्टरांची सही असावी, आणि त्याची प्रत मला मिळावी. पुढे जे जवान निवृत्त होतील त्यांना बोर्डाच्या खोलीतून बाहेर पडतानाच ती प्रत हातात मिळावी.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. चढतानाच्या तिन्ही नोंदींच्या झेरॉक्स या पत्राच्या रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या प्रतीला जोडल्या आहेत. दुसऱ्या पानावर तारीख आणि बीपीचा आकडा लाल शाईने अधोरेखित केला आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार