कोयता निघण्याआधी वसतिगृहाचा पैसा निघावा

प्रति,
संपादक महोदय,
सादर नमस्कार.

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक फिरू लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो. घरातल्या पोरांचे काय करायचे, हे बहुतेक वेळा ट्रक दारात उभा असतानाच ठरते. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालेले असेल तर पोर आजीजवळ राहते. नसेल तर भांड्याकुंड्यांबरोबर तेही ट्रकमध्ये चढते आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत काढते.

शहरातील वाचकांसाठी सांगतो की, या योजनेला वसतिगृह म्हणत असले तरी त्यात बहुधा इमारत नसते. मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात, दुपारी शालेय पोषण आहार घेतात, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समिती शिजवून देते. खर्च समग्र शिक्षा योजनेतून होतो, ज्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. इतकी साधी आणि स्वस्त व्यवस्था दुसरी सापडणे कठीण. तिचे घोडे अडते ते वेळेवर.

कारण सर्वेक्षण, प्रस्ताव, छाननी, मंजुरी आणि मग अनुदान या क्रमात हंगाम अर्धा सरतो. मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी मंजुरीचे पत्र नाताळच्या सुमारास हाती पडले, तोवर यादीतील निम्मी मुले फडावर पोहोचली होती. उरलेल्यांची चूल गावातल्या किराणा दुकानदाराच्या उधारीवर पेटली आणि ती उधारी फेडायला पुढचा पोळा उजाडला. साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, हे आम्ही वर्गात अभिमानाने शिकवले. पण सरकारी योजना दरवर्षी कुणाच्या तरी पदरमोडीवर चालावी, असा त्याचा अर्थ खचितच नव्हे.

पटावर बोगस मुले दाखवून अनुदान लाटले जाते, म्हणून तपासणी कडक हवी, असे अधिकारी सांगतात. आक्षेप खोटा नाही. असे प्रकार मीही पाहिले आहेत. परंतु उशिरा येणारे अनुदान लबाडाला अडवत नाही. ज्याने चूलच पेटवली नाही, त्याचे मार्चपर्यंत थांबायला काय जाते? अडतो तो रोज खरोखर जेवू घालणारा. तपासणी करायचीच तर ती संध्याकाळी सात वाजता, पंगत बसलेली असताना करावी. दुपारी अकरा वाजता हजेरीपट पाहून काय कळणार?

पैसा नाही, असेही म्हणता येणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी 10 रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यावी, असे ठरले आहे. राज्यात एक हजार लाख टन उसाचे गाळप झाले, तर एकट्या कारखान्यांचा वाटाच 100 कोटी रुपये होतो. संत भगवानबाबा योजनेतून 41 तालुक्यांत प्रत्येकी 100 मुलांची 82 वसतिगृहे उभारण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला, तो योग्यच होता. मात्र ती सगळी पूर्ण क्षमतेने चालली तरी 8,200 मुलांचीच सोय होईल, आणि सात वर्षांच्या मुलीला तालुक्याच्या गावी एकटी ठेवायला कोणती आई धजेल? तिला आजीचे घर आणि शाळेतले ताट हवे आहे.

म्हणून विनंती एवढीच की, महामंडळाने मागील वर्षीच्या पटाच्या आधारे निम्मी रक्कम दसऱ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या खात्यावर आगाऊ जमा करावी आणि समग्र शिक्षाचे अनुदान आल्यावर ती वळती करून घ्यावी. त्यात संध्याकाळच्या जेवणानंतर मुलींना घरापर्यंत पोहोचवणाऱ्या एका बाईचे मानधनही धरावे. आज ते काम स्वयंपाकीणच फुकट करते, आणि ती आजारी पडली की मुली रात्रीच्या जेवणाला येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
शिरूर कासार, जि. बीड