पदवीनंतर काय, हे पहिल्याच वर्षी कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात मी अभ्यासिका चालवतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडची बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं-मुली येथे येतात. ‘पुढे काय?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, एमपीएससी. काहींना प्रशासनात खरोखर जायचं असतं; त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण कितीतरी जण दुसरं काही पाहिलेलंच नसल्यामुळे या वाटेला लागतात. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. त्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणता म्हणता उमेदीची वर्षं सरतात. वडील उसनवारी करून खोलीभाडं पाठवतात आणि मुलगा सणालाही गावी जायचं टाळतो. हे रोज पाहून जीव तुटतो.

सातपूर-अंबडचे कारखाने आपल्या महाविद्यालयांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. ओझरला विमानं बनतात, नाशिक रोडला नोटा छापल्या जातात. या ठिकाणी बीकॉम किंवा बीएस्सी झालेल्याला कोणतं काम असतं, हे वर्गात कुणी सांगत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांमधले कीडनाशकांचे अंश प्रयोगशाळेत तपासावे लागतात, त्यासाठी केमिस्ट लागतो. केमिस्ट्री शिकणाऱ्या, निफाडच्या बागायतदाराच्या मुलालाच हे मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं!

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेतलेल्या प्रशिक्षणाला, पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट आहेत. मात्र जागा शोधण्याचं काम विद्यार्थ्यावरच सोडलं, तर तो ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणणार. त्याला दोष कसा द्यायचा? शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) फक्त आयटीआयवाल्यांची, हाही गैरसमज पक्का आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही त्यात आले. हे किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागलं आहे?

प्राचार्य आणि निमा, आयमासारख्या उद्योजक संघटनांनी एकत्र बसून दर जूनमध्ये प्रशिक्षणाच्या जागांची यादी जाहीर करावी. कारखाना, प्रयोगशाळा, बँक प्रथम वर्षालाच दाखवावी. माजी विद्यार्थ्यांना बोलवावं. त्यांनी आपला पहिला पगार किती होता, तेही मोकळेपणाने सांगावं. अशा भेटींसाठी माझ्या अभ्यासिकेची रविवारची सकाळ मी विनामूल्य द्यायला तयार आहे.

– एक अभ्यासिका चालक, नाशिक