रिकाम्या चकतीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रानटी अळंबीच्या अर्काने जिवाणूंचा खात्मा’ ही बातमी आपल्या अंकात वाचली. मी महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, आता निवृत्त आहे. असल्या प्रयोगांच्या प्लेटी ओतण्यात, मोजण्यात आणि नंतर ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून धुण्यात उमेदीची वर्षे गेली, म्हणून राहवले नाही.

‘तब्बल १२ मिलिमीटरचे जिवाणूमुक्त वर्तुळ’ असे आपण ठळक टायपात छापले आहे. हे वर्तुळ येते कसे? प्लेटीतल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, त्यावर अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर उबवायची आणि सकाळी काळ्या कागदावर धरून चकतीभोवतीचा स्वच्छ भाग मोजायचा. चकती सहसा ६ मिलिमीटरची असते आणि तीही मापात धरतात. म्हणजे बारातले निम्मे कागदाचेच. दोन्ही अंगांना उरले तीन-तीन मिलिमीटर. त्यात अर्क मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढलेला. चकतीतले मिथेनॉल नीट उडाले नसेल, तर ते एकटेच जिवाणूंना पुरून उरते. म्हणूनच नुसत्या मिथेनॉलची कोरडी केलेली, अर्काविना रिकामी चकती तुलनेसाठी शेजारी ठेवायची असते. बातमीत तिचा पत्ता नाही.

उलट, वर्तुळ लहान म्हणून अर्क टाकाऊ, असेही नाही. मोठे रेणू अगारमधून फार हळू सरकतात. खरा निवाडा होतो तो कमीत कमी किती मात्रेत जिवाणूंची वाढ थांबते यावर. कच्च्या अर्कांना बहुधा एका मिलिलिटरमागे मिलिग्रॅम लागतात, कामाच्या प्रतिजैविकांना मायक्रोग्रॅम पुरतात. फरक हजारपटीचा आहे, आणि बातमीत मात्रेचा आकडाच नाही.

अळंबीत काही दम नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९५१ मध्ये कॅव्हना, हर्वी आणि रॉबिन्स या संशोधकांनी अळंबीपासून प्ल्युरोम्युटिलिन हे प्रतिजैविक वेगळे केले. जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, अमिनो आम्लांची साखळी जिथे जोडली जाते, नेमके तिथे ते जाऊन बसते. त्यावरून घडवलेले टियाम्युलिन जनावरांसाठी आधी आले. माणसाच्या त्वचेवर लावायचे रेटापाम्युलिन मंजूर व्हायला २००७ उजाडले आणि न्यूमोनियावरचे लेफाम्युलिन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. अडुसष्ट वर्षे! पाइनच्या गळालेल्या शंकूवर उगवणाऱ्या इवल्याशा अळंबीने आजूबाजूच्या बुरशांना हटवायला बनवलेल्या स्ट्रोबिल्युरिनवरून अझॉक्सिस्ट्रोबिन हे पिकांवरचे बुरशीनाशक घडले, ही कथाही अशीच मोठी आहे.

पण याच हर्वी आणि रॉबिन्स यांनी मार्जरी अँचेल यांच्यासह १९५० मध्ये, अंधारात चमकणाऱ्या एका अळंबीतून इल्युडिन काढले होते. तेही जिवाणू मारत होते. फक्त आपल्या पेशींनाही सोडत नव्हते, त्यामुळे प्रतिजैविक म्हणून ते बाद झाले. जिवाणूंच्या प्लेटवर माणसाच्या पेशी नसतात, तेव्हा हे वर्तुळ पाहून कळायला मार्ग नाही.

बातमीचे शेवटचे वाक्य मात्र मला अस्वस्थ करून गेले: ‘अशा अळंबीचा काढा गुणकारी ठरू शकतो.’ कोणत्या अळंबीचा? संपूर्ण मजकुरात जातीचे नाव नाही. एका झाडाच्या पाल्याने ताप उतरतो असे छापून झाडाचे नावच गाळावे, तसे झाले हे. अमॅनिटा फॅलॉइडिस या अळंबीचे विष उकळून जात नाही. खाल्ल्यावर सहसा सहा तास तरी काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये बरे वाटल्यासारखे होते आणि तोवर यकृताचा घास घेतलेला असतो. काढा करून पाहणारा वाचक आपली बातमी पुराव्यासारखी दाखवील, हे ध्यानात घ्या आणि ते वाक्य मागे घेतल्याचे दोन ओळींत तरी छापा.

संशोधकांवर माझा राग नाही. एखादा चांगला अर्क त्यांच्या हाती लागलाही असेल. नमुना सुकवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवला का, जात डीएनएवरून पक्की केली का, एवढे आपल्या वार्ताहराने त्यांना विचारावे. आणि हो, नुसत्या मिथेनॉलच्या चकतीभोवती किती मिलिमीटर आले, तेही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक