पैसा ओतला की ट्रॉफी येतेच का?

संपादक साहेब,
परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाताना पोट्ट्यांची वादावादी ऐकली, म्हणे फुटबॉलमध्ये ज्याच्या ट्रॉफ्या जास्त तोच मोठा मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य प्रशिक्षक). अहो पण टीमवर पैसा किती ओतला ते कोण पाहणार? २०१५-१६ ला मॅनेजर रानिएरीच्या लेस्टर क्लबनं इंग्लंडची प्रीमियर लीग मारली, त्यांचा खेळाडू वार्डी साधारण १० लाख पौंडांत घेतलेला, महरेझ तर त्याच्या अर्ध्याहून कमीत, आणि तिकडे पॅरिसच्या पीएसजी क्लबनं २०१७ मध्ये एकट्या नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले तरी तो असेस्तोवर युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग काही हाती लागली नाही. हां, कोणते खेळाडू घ्यायचे ते मॅनेजरच ठरवतो असंही नसते, पगाराचा हिशोब तर वेगळाच. बाकी रानिएरीलाही फेब्रुवारी २०१७ मध्ये घरी पाठवलंच, लीग जिंकल्यावर नऊ महिन्यांत!
– एक फुटबॉलवेडा, नागपूर